मोरचूद : हाताळणी, साठवण व विल्हेवाट

मोरचूद हे तांब्याचे निळ्या रंगाचे, स्फटिकरूप व पाण्यात विरघळणारे लवण आहे. रसायनशास्त्रात त्यास कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट असे म्हणतात. हिंदी बोलणाऱ्या बाजारपेठांत ते नीलाथोथा या नावाने विकले जाते. विद्युत विलेपन, कापड रंगाई, लाकूड टिकविणे, पशुखाद्यातील क्षारमिश्रणे, सूक्ष्म अन्नद्रव्य खते अशा अनेक उद्योगांत त्याचा वापर होतो. विदर्भात मात्र त्याची मुख्य ओळख संत्र्याच्या बागेशी जोडलेली आहे. अमरावती जिल्ह्यातील परतवाडा-अचलपूर, चांदूर बाजार, मोर्शी व वरूड या संत्रा पट्ट्यात झाडांच्या खोडांवर दिसणारा निळसर पांढरा लेप म्हणजे मोरचूद व चुना यांपासून तयार केलेली बोर्डो पेस्ट होय.

मोरचूद ज्वलनशील नाही, त्यास उग्र वास नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरात असल्यामुळे ते निरुपद्रवी आहे असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात ते गिळल्यास विषारी, डोळ्यांस गंभीर इजा करणारे आणि जलचरांस अत्यंत घातक असे रसायन आहे. बहुतेक सेंद्रिय कीटकनाशकांचे कालांतराने विघटन होते. तांबे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन होत नाही. चुना घातल्याने ते निवळत नाही, फक्त अविद्राव्य होते. पाण्याने धुतल्याने नाहीसे होत नाही, फक्त जागा बदलते. या रसायनाच्या हाताळणीचे, साठवणीचे व विल्हेवाटीचे बहुतेक सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात.

नाव व ओळख

आयुर्वेदाच्या रसशास्त्रात या द्रव्यास तुत्थ म्हणतात. मोराच्या मानेसारख्या रंगामुळे त्यास मयूरतुत्थ व शिखिग्रीव ही नावेही आहेत. मराठीतील मोरचूद हा शब्द याच कुळातला दिसतो.

शुद्ध मोरचुदाच्या वजनात सुमारे २५.४ टक्के तांबे असते. २० अंश सेल्सिअस तापमानास १०० मिलिलिटर पाण्यात ते सुमारे ३२ ग्रॅम विरघळते. द्रावण आम्लधर्मी असते. स्फटिकात पाण्याचे पाच रेणू बांधलेले असतात आणि निळा रंग त्यांच्यामुळेच असतो. तापविल्यास हे पाणी टप्प्याटप्प्याने निघून जाते व शेवटी पांढरी भुकटी उरते. तिच्यात तांब्याचे प्रमाण सुमारे ३९.८ टक्के असते, म्हणजे वजनास वजन ती निळ्या खड्यांपेक्षा दीडपटीहून अधिक तीव्र असते. वऱ्हाडातील कोरड्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत उघड्यावर राहिलेल्या खड्यांवर पांढरट पापुद्रा धरतो, तो या बदलाचा आरंभ होय. असा माल ‘उतरलेला’ समजून अधिक मात्रेत वापरणे चुकीचे आहे. तो तितकाच किंवा किंचित अधिक तीव्र असतो. याउलट खड्यांत हिरवट छटा दिसल्यास हिराकस म्हणजे लोहाच्या सल्फेटची भेसळ असण्याचा संभव असतो.

परतवाडा परिसरातील वापर

परतवाडा हे सातपुड्याच्या गाविलगड डोंगररांगेच्या पायथ्याशी, चिखलदऱ्याच्या वाटेवर वसलेले गाव आहे. मेळघाटातील सागवानाच्या व्यापाराबरोबरच संत्र्याची बाजारपेठ म्हणून ते ओळखले जाते. येथील फळ ‘नागपूर संत्रा’ याच जातीचे आहे. या नावास २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. संत्र्याची कलमे प्रामुख्याने जंभेरी व रंगपूर लिंबू या खुंटांवर बांधतात. पाणी धरून ठेवणाऱ्या भारी काळ्या जमिनीत या झाडांस फायटोप्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे पायकूज, मूळकूज व डिंक्या हे रोग होतात. डिंक्यात खोडाची साल तडकून तिच्यातून डिंकासारखा स्राव गळतो आणि साल सर्व बाजूंनी कुजल्यास झाड वाळते. आठ-दहा वर्षे जोपासलेले, ऐन उत्पन्नातले झाड एका पावसाळ्यात जाऊ शकते; बागायतदार मोरचुदाकडे का वळतो ते यावरून समजते.

उपाय म्हणून पावसाळ्यापूर्वी व पावसाळा संपल्यानंतर, असा वर्षातून दोनदा, जमिनीपासून सुमारे दोन ते तीन फूट उंचीपर्यंत खोडास बोर्डो पेस्ट लावतात. पेस्टचे रूढ प्रमाण १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १० लिटर पाणी असे आहे. झाडावर फवारण्यासाठी वापरले जाणारे १ टक्का बोर्डो मिश्रण याच दोन द्रव्यांपासून, परंतु १०० लिटर पाण्यात तयार करतात.

हे मिश्रण मूळचे फ्रान्समधील आहे. बोर्डो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ प्येर मारी अलेक्सी मिलार्दे यांना १८८२ मध्ये मेदॉक भागातील द्राक्षमळ्यांत असे आढळले, की रस्त्याकडेच्या ज्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून मोरचूद व चुन्याचे निळे पाणी शिंपडलेले होते, त्यांवर केवडा रोग नव्हता. त्यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये हे मिश्रण प्रसिद्ध केले. चोरांना भय दाखविण्यासाठी घातलेला रंग अशा रीतीने जगातील सर्वांत दीर्घकाळ वापरात राहिलेल्या बुरशीनाशकांपैकी एक ठरला.

मेळघाटच्या लाकडाशी या रसायनाचा संबंध नाममात्र आहे, कारण साग स्वभावतःच टिकाऊ असतो. इतर लाकडांस वाळवी व बुरशीपासून वाचविण्यासाठी मोरचूद, क्रोमियमचे लवण व आर्सेनिक यांचे मिश्रण वापरण्याची पद्धत डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये शोधून काढली. असे प्रक्रिया केलेले जुने खांब वा फळ्या चुलीत जाळणे धोक्याचे आहे. राखेत व धुरात आर्सेनिक उतरते.

आरोग्यास असणारे धोके

मोरचुदाची पूड नाक व घसा चुरचुरविते. डोळ्यांत गेल्यास बुबुळाच्या पारदर्शक पटलास कायमची इजा होऊ शकते. ओल्या त्वचेवर, विशेषतः जखमेवर, ते दाह करते. वारंवार संपर्कात काही व्यक्तींना त्वचेची ॲलर्जी होते.

गिळले गेल्यास तोंडास धातूची चव येते, पोटात आग होते, निळसर हिरव्या उलट्या व जुलाब होतात. मात्रा अधिक असल्यास तांबड्या रक्तपेशी फुटतात, कावीळ दिसते आणि यकृत व मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. ही लक्षणे काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत उशिरा प्रकट होऊ शकतात; म्हणून उलटी होऊन बरे वाटले तरी रुग्णालयात नेणे टाळू नये. एके काळी मोरचूद हेच उलटी करविण्याचे औषध म्हणून वैद्यकात वापरले जात असे. विषबाधेच्या भीतीने आधुनिक वैद्यकाने ती प्रथा सोडून दिली आहे.

फवारणीच्या तुषारांचा धोका वेगळा व संथ आहे. पोर्तुगालमधील द्राक्षमळ्यांत वर्षानुवर्षे बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या मजुरांच्या फुप्फुसांत तांबेयुक्त गाठी व कायमचे व्रण आढळले. १९६९ मध्ये या विकाराचे वर्णन ‘द्राक्षमळ्यातील फवाऱ्याचे फुप्फुस’ अशा अर्थाच्या नावाने वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खोडास ब्रशने पेस्ट लावण्यात तुषार उडत नाहीत. त्यामुळे जेथे लेपनाने काम भागते तेथे ते फवारणीपेक्षा अधिक सुरक्षित ठरते.

२०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि २० हून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्या घटनेशी मोरचुदाचा संबंध नव्हता. चर्चेत आलेली रसायने प्रामुख्याने मज्जासंस्थेवर परिणाम करणारी होती. परंतु संरक्षक साधनांवाचून, दाट व उंच पिकात, दिवसभर तुषारांत उभे राहून फवारणी करण्याची जी पद्धत तेव्हा उघडकीस आली, ती संत्र्याच्या बागेतही अपरिचित नाही. संत्र्याचे झाड डोक्यापेक्षा उंच असल्यामुळे नळी वर धरावी लागते आणि तुषार फवारणाऱ्याच्याच तोंडावर उतरतात.

द्रावण तयार करताना घ्यावयाची काळजी

लोखंड, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा व ॲल्युमिनियम यांच्या भांड्यांत मोरचूद भिजवू नये. द्रावणातील तांबे या धातूंवर बसते, भांड्याचा धातू विरघळतो, भांडे सच्छिद्र होते आणि द्रावणातील तांब्याचे प्रमाण घटते. प्लॅस्टिकची बादली वा टाकी, मातीचा रांजण किंवा सिमेंटची टाकी वापरावी. ढवळण्यासाठी लाकडी दांडा पुरेसा असतो. या कामाची भांडी पुन्हा पिण्याच्या पाण्यासाठी, जनावरांच्या आंबोणासाठी किंवा स्वयंपाकासाठी वापरू नयेत. मोठे खडे पाट्या-वरवंट्यावर किंवा खलबत्त्यात कुटणे विशेष घातक आहे. त्यात पूड उडते आणि घरातल्या दगडाच्या छिद्रांत तांबे राहते.

खडे कुटण्याची खरे तर आवश्यकताच नसते. ते सुती फडक्यात सैल बांधून ती पुरचुंडी पाण्याच्या वरच्या थरात रात्रभर लोंबकळत ठेवावी. विरघळलेले द्रावण पाण्यापेक्षा जड असल्यामुळे खाली बसत जाते आणि पुरचुंडीभोवती सतत ताजे पाणी येते. तळाशी टाकलेले खडे मात्र स्वतःच्याच दाट द्रावणात बुडून दुसऱ्या दिवशीही तसेच राहतात. पेस्टसाठी १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात व चुना उरलेल्या ५ लिटरमध्ये भिजवितात. वर दिलेल्या विद्राव्यतेच्या हिशेबाने ५ लिटर पाण्यात दीड किलोपर्यंत मोरचूद मावते, त्यामुळे पाणी कमी पडत नाही.

या साऱ्या कामातील सर्वांत तातडीचा धोका मोरचुदाचा नसून चुन्याचा असतो, ही बाब बहुतेक माहितीपत्रकांत निसटते. कळीचा चुना विरविताना तीव्र उष्णता निर्माण होते, पाणी उकळते व गरम निवळी उडते. ती दाहक अल्कधर्मी असल्यामुळे डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते. चुनकळी रुंद तोंडाच्या भांड्यात घेऊन तिच्यावर थोडे थोडे पाणी शिंपडावे, भांड्यावर वाकून पाहू नये, भांडे झाकणाने घट्ट बंद करू नये आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. डोळ्यांवर बाजूंनी बंद असलेला चष्मा मिश्रण तयार करणाऱ्याने चुना विरविण्यापासूनच लावला पाहिजे.

दोन्ही द्रव थंड झाल्यावर चुन्याच्या दुधात मोरचुदाचे द्रावण हळूहळू ओतावे व सतत ढवळावे, किंवा दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात सोडावेत. चुना मोरचुदाच्या द्रावणात ओतल्यास कण भरड बनतात, लवकर खाली बसतात व पंपाची तोटी तुंबते. तुंबलेली तोटी तोंडाने फुंकून मोकळी करण्याची सवय फवारणीत मोरचूद पोटात जाण्याच्या प्रमुख वाटांपैकी एक आहे. मिश्रण फडक्यातून गाळून घेतले की ही वेळ सहसा येत नाही.

मिश्रण वापरण्यापूर्वी त्यात मोकळे तांबे उरले नाही ना, याची परीक्षा करतात. घासून स्वच्छ केलेले विळ्याचे किंवा चाकूचे लोखंडी पाते मिश्रणात थोडा वेळ बुडवून बाहेर काढावे. पात्यावर तांबूस थर दिसल्यास चुना कमी पडला आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी आणि पाते स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पाहावे. मोकळे तांबे पाने व कोवळी फळे करपविते. ही साधी परीक्षा झाडाइतकीच फवारणाऱ्याच्याही हिताची आहे, कारण मोकळे तांबेच त्वचेस व डोळ्यांस अधिक दाहक असते. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे. शिळे मिश्रण पानांवर नीट चिकटत नाही. त्यात अन्य कीटकनाशके मिसळू नयेत. चुन्याच्या अल्कधर्मामुळे त्यांपैकी पुष्कळांचे विघटन होते आणि दुहेरी खर्चाचे फळ मिळत नाही.

हातांत रबरी वा नायट्राइलचे लांब हातमोजे, पायांत गमबूट, पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, बंद चष्मा व तुषार अडविणारी मुखपट्टी ही साधने आवश्यक आहेत. नाकावर बांधलेला दुपट्टा धूळ अडवितो, बारीक तुषार अडवीत नाही. उलट ओला झाल्यावर तांबे नाकातोंडाशी धरून ठेवतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. तंबाखू मळण्यापूर्वी, बिडी ओढण्यापूर्वी व जेवणापूर्वी हात साबणाने धुणे अनिवार्य आहे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नयेत.

साठवण

मोरचूद मूळ वेष्टनात, आतून प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या पोत्यात किंवा झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवावे. अस्तर नसलेला लोखंडी डबा एका पावसाळ्यात आतून गंजतो व फुटतो. पोती थेट जमिनीवर न ठेवता लाकडी वा प्लॅस्टिकच्या घोडीवर ठेवावीत. पावसाळ्यात ओल शोषून खडे एकत्र ढेकळतात. त्यांची परिणामकारकता कमी होत नाही, पण फोडताना पूड उडते.

साठवणीची खोली कुलूपबंद, हवेशीर व घरापासून वेगळी असावी. कुटार, सरकीची ढेप, धान्य, बियाणे व मीठ यांच्याजवळ मोरचूद ठेवू नये. शीतपेयाच्या बाटलीत द्रावण भरून ठेवणे अत्यंत धोक्याचे आहे, कारण त्याचा निळा रंग मुलांना सरबतासारखा भासतो. वेल्डिंगसाठीचा ॲसिटिलीन वायू आणि पाणी लागताच तो वायू सोडणारे कॅल्शियम कार्बाइड यांच्यापासूनही मोरचूद दूर ठेवावे. तांब्याची लवणे ॲसिटिलीनशी संयोग पावून स्फोटक संयुगे बनवू शकतात. मॅग्नेशियमची पूड व हायड्रॉक्सिलअमाइन हीदेखील त्याच्याशी जोराने अभिक्रिया करतात, मात्र ती शेतघरात क्वचितच असतात. हा नियम प्रयोगशाळा व कारखान्यांसाठी महत्त्वाचा आहे. आगीत सापडल्यास मोरचूद स्वतः पेटत नाही, परंतु अतिउष्णतेने त्यातून गंधकाची दाहक ऑक्साइडे निघतात. आग विझविताना वाहिलेले निळे पाणी नाल्यात जाऊ नये म्हणून मातीचा बांध घालणे हे तितकेच तातडीचे असते.

शाळांच्या प्रयोगशाळेत स्फटिक वाढविण्याचा प्रयोग लोकप्रिय आहे. तो चष्मा व हातमोजे घालून करावा, स्फटिक विद्यार्थ्यांना घरी नेऊ देऊ नयेत आणि द्रावण वॉशबेसिनमध्ये ओतू नये.

जनावरांस असणारा धोका

पाळीव जनावरांपैकी मेंढी तांब्यास सर्वांत अधिक संवेदनशील आहे. तिचे यकृत तांबे साठवीत जाते. आठवडे-महिने कोणतेही लक्षण दिसत नाही आणि मग एखाद्या ताणाच्या प्रसंगी साठलेले तांबे एकदम रक्तात उतरून रक्तपेशी फुटतात. लघवी गडद होते व मेंढी एक-दोन दिवसांत दगावते. गाई-म्हशी व शेळ्या त्या मानाने अधिक सहन करतात, परंतु सुरक्षित नसतात. खतासाठी शेतात मेंढ्या बसविण्याची प्रथा वऱ्हाडात जुनी आहे. फवारलेल्या बागेतील गवतावर त्या चरल्यास नुकसान मेंढपाळाचे होते आणि कारण मात्र बहुधा लक्षातच येत नाही, कारण फवारणी व मृत्यू यांत मोठे अंतर पडते. बागेत बोर्डो फवारले असल्यास कळप आत सोडण्यापूर्वी मेंढपाळास तसे सांगणे आवश्यक आहे. तळाचे गवत कापून जनावरांना घालणेही टाळावे.

खुरांच्या रोगांवर जनावरांना मोरचुदाच्या पाण्यातून चालवितात. त्या वेळी जनावर तहानलेले नसावे, आणि काम झाल्यावर ते पाणी उघड्यावर ठेवू नये.

पाणी व माती यांवरील परिणाम

परतवाडा-अचलपूर परिसरातून सापन व बिच्छन या नद्या वाहतात. त्यांचे पाणी पुढे पूर्णेस व तिच्यावाटे तापीस मिळते. पूर्णेच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांचा मोठा भाग खारपाणपट्टा आहे. तेथील भूजल खारट असल्यामुळे गोड्या पाण्याचे स्रोत आधीच मोजके आहेत. वरच्या अंगाच्या बागांत काय ओतले जाते, हा प्रश्न म्हणून केवळ त्या बागेपुरता राहत नाही.

मोरचुदाच्या १ टक्का द्रावणात दर लिटरमागे सुमारे २,५४० मिलिग्रॅम तांबे असते. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या पेयजल मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा दर लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालू शकते. या हिशेबाने चुना न घातलेले केवळ १० लिटर द्रावण स्वीकार्य मर्यादेपर्यंत पातळ करण्यास ५ लाख लिटरहून अधिक स्वच्छ पाणी लागेल. टाकी विहिरीच्या थारोळ्यावर धुणे किंवा उरलेले पाणी नाल्यात सोडणे किती महाग पडते ते यावरून दिसते. माशांना व शेवाळास तर याहून पुष्कळ कमी मात्रा मारक ठरते. अमेरिकेच्या कृषी विभागातील शास्त्रज्ञांनी १९०४ मध्ये जलाशयांतील शेवाळ मारण्यासाठी मोरचूद सुचविले ते याच गुणामुळे. अल्कधर्मी, कठीण पाण्यात तांब्याची विषारी क्रिया मंदावते, परंतु ते तळाच्या गाळात साठून राहते.

मातीच्या बाबतीत विदर्भाची काळी, चुनखडीयुक्त जमीन काही प्रमाणात रक्षण करते. तिच्यातील चिकणमाती तांब्यास घट्ट धरते व ते खोल झिरपत नाही. मात्र याचा अर्थ ते वरच्या थरातच साठत जाते, जेथे संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळे व गांडुळे असतात. उदाहरणादाखल, ६ × ६ मीटर अंतरावर लावलेल्या बागेत हेक्टरी सुमारे २७७ झाडे बसतात. प्रत्येक झाडास साडेपाच लिटर १ टक्का मिश्रण फवारल्यास एका फवारणीत सुमारे १५ किलो मोरचूद, म्हणजे ३.८ किलोहून अधिक तांबे पडते. युरोपीय संघाने २०१८ च्या नियमाने तांबेयुक्त फवाऱ्यांसाठी सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबे, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातली आहे. म्हणजे संपूर्ण बागेवरील एकच फवारणी त्या वर्षाचा जवळजवळ सारा वाटा संपविते. फक्त खोडास लेप दिल्यास तांबे याच्या अल्पांशाने लागते.

नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था व अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांसारख्या संस्था या भागातील संत्रा बागायतीस मार्गदर्शन करतात. पाण्याचा निचरा होण्यासाठी चर काढणे, कलमाचा डोळा जमिनीपासून पुरेसा उंच राखणे, खोडास पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळे करणे व ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी वापरणे या उपायांनी रोगाचा जोर कमी होतो आणि त्या प्रमाणात मोरचुदाची गरजही घटते.

विल्हेवाट

शेतावर उरलेल्या मिश्रणाची सर्वांत योग्य विल्हेवाट म्हणजे ते उरू न देणे. झाडे मोजून व प्रत्येकी लागणारे पाणी पाहून तेवढेच मिश्रण करावे. तरीही उरल्यास ते ज्या बागेसाठी केले तेथेच, न फवारलेल्या झाडांवर किंवा खोडांवर वापरावे. पंप व टाकी धुतलेले पाणीही बागेतच, विहीर, कूपनलिका व नाल्यापासून दूर, पसरून टाकावे. एकाच खड्ड्यात दरवर्षी ओतू नये.

चुना न मिसळलेले द्रावण उरल्यास त्यात चुन्याची निवळी थोडी थोडी घालून ढवळावे. तांबे निळसर साक्याच्या रूपात खाली बसू लागते. वरचे पाणी रंगहीन झाले व लोखंडी पात्यावर तांबूस थर येईनासा झाला की चुना पुरेसा झाला. ते रात्रभर निवळू द्यावे. वरचे पाणी बागेच्या मातीवर सोडता येते. खालचा साका हे बोर्डो पेस्टमधलेच द्रव्य असल्यामुळे तो पेस्टमध्ये मिसळून संपविता येतो. जमिनीवर सांडलेले कोरडे खडे प्लॅस्टिकच्या सुपलीने गोळा करून पुन्हा वापरात आणावेत. पाणी ओतून धुऊ नयेत. सांडलेल्या द्रावणावर माती किंवा चुना टाकून ते आधी अडवावे व मग भरून घ्यावे.

मोरचूद हे कीटकनाशके अधिनियम, १९६८ च्या अनुसूचीत समाविष्ट आहे. कीटकनाशके नियम, १९७१ नुसार वापरलेली वेष्टने, उरलेला माल व धुवण यांची विल्हेवाट पाणी वा पर्यावरण दूषित होणार नाही अशा रीतीने लावणे बंधनकारक आहे, आणि वेष्टने पुन्हा वापरली जातील अशी बाहेर टाकण्यास मनाई आहे. रिकामी पिशवी तीनदा विसळून ते पाणी मिश्रणाच्या टाकीतच ओतावे व पिशवी फाडून निरुपयोगी करावी. धान्य भरण्यासाठी किंवा अंगावर घोंगता करण्यासाठी ही पोती वापरली जातात, ते टाळले पाहिजे. ती जाळूही नयेत.

विद्युत विलेपनाचे कारखाने व रंगाई केंद्रे यांना वेगळे नियम लागू होतात. पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ नुसार नदीनाल्यांत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्यात तांब्याची सर्वसाधारण मर्यादा दर लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. तांबेयुक्त गाळ घातक व इतर कचरा नियम, २०१६ च्या कक्षेत येतो. तो अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे, विदर्भात नागपूरजवळच्या बुटीबोरी येथील सामाईक केंद्राकडे, पाठवावा लागतो. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा परवाना आवश्यक असतो. मंडळाचे प्रादेशिक कार्यालय अमरावतीस आहे. मोठ्या प्रमाणावर खराब झालेला वा मुदत संपलेला साठा असणाऱ्या विक्रेत्यांनी तो उत्पादकाकडे परत करावा.

अपघात व प्रथमोपचार

डोळ्यांत मोरचूद वा चुना गेल्यास पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने किमान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा आणि मग नेत्रतज्ज्ञाकडे जावे. डोळा आधी चोळणे किंवा त्यात तूप, मध घालणे अपायकारक आहे. चुन्याच्या बाबतीत पहिल्या काही मिनिटांतील धुण्यावरच दृष्टी अवलंबून असते. म्हणून मिश्रण करण्याच्या जागी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली आधीपासून ठेवावी. त्वचेवर पडल्यास कपडे काढून साबणाने धुवावे. तुषार श्वासात जाऊन खोकला वा दम लागल्यास व्यक्तीस मोकळ्या हवेत न्यावे.

गिळले गेल्यास तोंड धुवावे, परंतु उलटी करवू नये. द्रावण दाहक असल्यामुळे ते परत वर येताना अन्ननलिकेस पुन्हा इजा करते व श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आपोआप उलटी होत असल्यास रुग्णास कुशीवर झोपवावे. बेशुद्ध व्यक्तीस तोंडाने काहीही देऊ नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे. रसायनाची पिशवी किंवा तिच्यावरील चिठ्ठी रुग्णाबरोबर रुग्णालयात न्यावी. शरीरातील तांबे बांधून बाहेर काढणारी डी-पेनिसिलामाइनसारखी औषधे उपलब्ध आहेत, पण विष कोणते हे कळल्याशिवाय डॉक्टरांना ती देता येत नाहीत. विल्सन रोग असलेल्या व्यक्तींच्या शरीरातून तांबे बाहेर पडत नसल्यामुळे त्यांनी मोरचुदाचे कोणतेही काम करू नये.